सिगरेट सोडताना व्यायाम चालू कसा ठेवायचा: आधीच्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत

मी अकरा वर्षं सिगरेट ओढली आणि त्यातली शेवटची सहा वर्षं मी नियमित पळतही होतो. हे ऐकून खूप लोकांना आश्चर्य वाटतं, पण जिममध्ये, मैदानावर, सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये असे लोक भरपूर असतात आणि त्यांच्या डोक्यात तेच चालू असतं जे माझ्या डोक्यात असायचं, की आपण व्यायाम करतोय ना, मग झालं. पाच किलोमीटर पळून आलो की दिवसभराच्या सिगरेटींचा हिशोब चुकता झाला असं मला खरंच वाटायचं. तो होत नाही. व्यायामाचा फायदा होतोच, पण धुराने जे नुकसान होतं ते त्याने पुसलं जात नाही.

माझे पहिले दोन प्रयत्न फसले आणि दोन्ही वेळा मोठं कारण व्यायाम होता. पहिल्यांदा सिगरेट सोडली त्याच दिवशी मी नवीन कडक प्रोग्राम चालू केला, आठवड्याचे सहा दिवस, पळणं पण आणि वजनं पण. चौथ्या दिवशी अंग मोडून आलेलं, झोप नाही, डोकं सटकलेलं, नवव्या दिवशी पुन्हा पाकीट हातात. दुसऱ्यांदा म्हटलं आधी सिगरेट सुटू दे, मग बघू व्यायामाचं, आणि सकाळचं पळणं बंद केलं. तर सकाळी जो रिकामा पाऊण तास मिळाला त्यातच सगळ्यात जास्त तलफ यायची. तिसऱ्या वेळी जमलं ते एकाच नियमावर: व्यायामाचा दिवस मोडायचा नाही, जोर कमी करायचा. खाली जे काही सांगतोय ते या नियमाभोवतीच आहे.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो, नुसत्या व्यायामाने सिगरेट सुटते असं समजू नका. दहा-पंधरा मिनिटं भरभर चाललं तरी त्या वेळची तलफ कमी होते हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, पण कायमची सुटायला एकटा व्यायाम पुरतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. म्हणून औषधं आणि समुपदेशन यांच्या जोडीला व्यायाम, त्यांच्या ऐवजी नाही.

सोडायच्या आधीचा आठवडा

तारीख सात ते दहा दिवस पुढची ठरवा. त्या आठवड्यात स्पर्धा, प्रवास, ऑफिसची मोठी डेडलाइन असलं काही नको. "उद्यापासून" म्हणू नका कारण मधल्या दिवसांत तीन कामं करायची आहेत.

पहिलं काम, प्रत्येक सिगरेटची नोंद. फोनवर लिहा, वेळ आणि त्या क्षणी काय चाललं होतं ते. कमी करायचा प्रयत्न करू नका, फक्त लिहा. माझ्या यादीत दिसलं की चौदापैकी चार सिगरेटी थेट व्यायामाला चिकटलेल्या होत्या, आणि हे मला सहा वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. यादीत अजून एक गोष्ट बघा, उठल्यावर किती वेळात पहिली पेटते. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर निकोटीनवरचं अवलंबून राहणं जास्त आहे आणि पुढे औषधाचा डोस ठरवताना डॉक्टर हेच विचारतात.

दुसरं, डॉक्टरांना भेटा. ज्यांना बीपी, डायबिटीस, दमा, हृदयाचा काही त्रास आहे, ज्या गरोदर आहेत, किंवा चढ चढताना छातीत दडपण येतं, त्यांनी तर भेटल्याशिवाय व्यायामही वाढवू नका आणि औषधही घेऊ नका. बाकीच्यांनीही भेटावं कारण सिगरेट सोडायला मदत करणारी काही औषधं तारखेच्या आधी चालू करावी लागतात. व्हॅरेनिक्लिन सहसा एक आठवडा आधी चालू करतात आणि साधारण १२ आठवडे घेतात, ब्युप्रोपिऑन एक ते दोन आठवडे आधी, आणि ज्यांना फिट येतात त्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही. अजून एक, तुम्ही कुठलंही नियमित औषध घेत असाल तर सिगरेट सोडतोय हे डॉक्टरांना सांगाच, कारण धुरामुळे लिव्हर काही औषधं जास्त वेगाने फोडत असतं, उदाहरणार्थ दम्याचं थिओफिलिन, मानसिक आजारांची क्लोझापिन आणि ओलांझापिन, आणि सिगरेट सुटली की त्याच डोसमध्ये त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

तिसरं, आपली आजची मापं घ्या. सकाळी अंथरुणातच नाडी मोजा, सलग तीन दिवस. आणि एक ठरलेलं अंतर, चालत किंवा पळत, नेहमीच्या वेगाने करून वेळ लिहून ठेवा. एवढंच पुरे. ही मापं तुम्हाला तिसऱ्या आठवड्यात लागणार आहेत, जेव्हा मन म्हणेल की काही फरक पडत नाहीये.

एका झटक्यात सोडायची की हळूहळू, हा प्रश्न नेहमी येतो. २०१६ मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास छापून आला होता, जवळपास ७०० लोक होते, त्यात ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनंतरही सिगरेटपासून लांब होते आणि दोन आठवडे कमी कमी करत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना निकोटीनचे पॅच (त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या) वगैरे मदत होतीच. माझं मत एकदम सोडण्याच्या बाजूने आहे, पण ज्याला तसं अजिबात झेपत नाही त्याने हळूहळू सोडली तरी चालेल, फक्त शेवटची तारीख पक्की पाहिजे.

पॅच, गम आणि घाम

निकोटीन घेऊनच निकोटीन सोडायचं हे काय, असं मलाही वाटायचं आणि त्या अडाणीपणात दोन प्रयत्न वाया गेले. निकोटीनमुळे सवय लागते, पण कॅन्सर आणि फुफ्फुसाचे आजार मुख्यतः धुरातल्या बाकीच्या गोष्टींमुळे होतात. पॅचमधून निकोटीन हळूहळू मिळतं, त्यामुळे शरीराची ओढ सांभाळली जाते आणि तुम्हाला सवयींवर काम करायला मोकळीक मिळते.

दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांना साधारणपणे २१ मिलिग्रॅमच्या पॅचपासून सुरुवात करतात, सहा आठवडे, मग दोन आठवडे १४, मग दोन आठवडे ७. निकोटीनचा गम २ आणि ४ मिलिग्रॅमचा येतो, उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागणाऱ्यांना ४ चा. पॅच कायम आणि मधल्या तलफेला गम असं दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त चांगलं काम करतं, पण डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गम च्युइंगगमसारखा चघळत बसायचा नसतो हे नव्वद टक्के लोकांना कोणी सांगतच नाही असं मला वाटतं. थोडा चावायचा, जीभेवर झणझण आली की गालाच्या कोपऱ्यात ठेवून द्यायचा, झणझण गेली की परत दोन-चार वेळा चावायचा, असं अर्धा तास. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत कॉफी, ज्यूस, कोल्ड्रिंक नको, असल्या ॲसिडिक पेयांमुळे निकोटीन तोंडातून नीट शोषलं जात नाही.

आता व्यायाम करणाऱ्यांसाठी खास. व्यायामात त्वचेकडे रक्त जास्त जातं आणि पॅचमधून निकोटीन नेहमीपेक्षा जास्त शोषलं जातं. बहुतेकांना काही जाणवत नाही, पण जोरदार वर्कआउटमध्ये मळमळ, धडधड, गरगरणं वाटलं तर थांबा, पॅच काढा आणि डॉक्टरांशी बोला. घामाने पॅच सुटतो हाही कटकटीचा विषय आहे. केस नसलेल्या जागी, दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा पाठीवर वरती, कोरड्या त्वचेवर लावा, लावल्यावर तळहाताने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, क्रीम किंवा तेल लावलेल्या जागी नको, आणि रोज जागा बदला. मी सकाळी पळून, अंघोळ करून, पूर्ण कोरडं झाल्यावर नवीन पॅच लावायचो, त्याने सुटायचा प्रश्न जवळजवळ संपला. रात्री विचित्र, फार खरी वाटणारी स्वप्नं पडायला लागली तर झोपताना पॅच काढून ठेवता येतो.

पहिले तीन दिवस

आदल्या रात्री सगळं बाहेर काढा, पाकीट, लायटर, ॲशट्रे, आणि व्यायामाच्या बॅगचे कप्पे तर नक्की तपासा. माझ्या बॅगच्या बाजूच्या खिशात अर्धं पाकीट निघालं होतं. जॅकेट, बॅग, टोपी धुवून टाका कारण नाक दोन-तीन दिवसांतच तेज व्हायला लागतं आणि जुना वास तलफ जागी करतो.

शरीरात काय होतंय ते माहीत असलं की बरं पडतं. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं, त्यामुळे गम-पॅच नसेल तर पहिल्याच दिवशी ते फार खाली येतं, आणि चिडचिड, अस्वस्थता, एकाग्रता न होणं हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असतं. चांगली बाजू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. हा धुरातला वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट धरतो, म्हणजे तुमच्या रक्ताची ऑक्सिजन नेण्याची काही जागा कायम अडवलेली असते. शेवटच्या सिगरेटनंतर एक-दोन दिवसांत तो उतरतो. फुफ्फुस सुधारायला महिने लागतील पण रक्त दोन दिवसांत मोकळं होतं, आणि पळणाऱ्याला, सायकल चालवणाऱ्याला हे आधी चढावर जाणवतं.

तरीही या तीन दिवसांत नेहमीच्या निम्मंच करा. पाच किलोमीटर पळत असाल तर अडीच, तेही बोलता येईल इतक्या वेगाने. वजनं उचलत असाल तर नेहमीचेच व्यायाम, वजन कमी, सेट कमी. वेळ मात्र तीच आणि कपडे घालून बाहेर पडणं तेच. झोप नीट झालेली नसते, डोकं थाऱ्यावर नसतं, अशा वेळी जोर लावला की दुखापत होते आणि पुढचं सगळंच गडबडतं. नियमित व्यायाम नव्हताच तर दिवसातून तीन वेळा दहा मिनिटं चालणं एवढंच, नवीन काही नको.

घड्याळ हार्ट रेट दाखवत असेल तर दचकू नका. सिगरेट सुटल्यावर नाडी काही दिवसांतच खाली येते, मिनिटाला आठ-दहा ठोक्यांनीही, त्यामुळे जुने झोन, म्हणजे कुठल्या जोराला किती ठोके हे ठरलेले टप्पे, जुळत नाहीत. तीन-चार आठवडे झोन विसरा आणि बोलता येतंय का यावर वेग ठरवा.

चहा-कॉफी निम्मी करा. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय कारण कोणीच सांगत नाही. धुरामुळे शरीर कॅफिन फार लवकर बाहेर टाकत असतं, सिगरेट थांबली की तो वेग कमी होतो आणि तेवढ्याच कपांत रक्तातलं कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. मग हात थरथरतात, छातीत धडधडतं, रात्री डोळा लागत नाही, आणि माणूस म्हणतो सिगरेट सोडल्याचाच हा त्रास. वर्कआउटच्या आधी कॅफिनवाली पावडर घेणाऱ्यांनी तर ती एक महिना बंदच ठेवा.

तलफ आली की नेमकं काय करायचं

एक तलफ सहसा पाच-दहा मिनिटांत ओसरते, ओढा किंवा ओढू नका. म्हणून लढायचं ते फक्त त्या दहा मिनिटांशी. मी तीन ठिकाणांसाठी तीन गोष्टी ठरवून ठेवल्या होत्या, कारण तलफ आल्यावर विचार करायला गेलात तर विचार सिगरेटच्या बाजूनेच होतो.

घरी किंवा बाहेर मोकळा असलो तर लगेच चप्पल-बूट घालून भरभर चालणं, दहा मिनिटं, फोन खिशात. ऑफिसात असलो तर जिना, तीन मजले वर आणि खाली, किंवा रिकाम्या खोलीत भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, मांड्या पेटेपर्यंत. आणि मीटिंगमध्ये किंवा गाडीत अडकलो तर श्वास, नाकातून चार मोजत आत आणि तोंडातून सहा-सात मोजत बाहेर, दहा वेळा, सोबत पायाची बोटं घट्ट आवळून सोडायची. शेवटच्याने तलफ जात नाही, पण वेळ जातो आणि तेवढंच हवं असतं.

व्यायामाला चिकटलेल्या सिगरेटी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण सिगरेट सोडण्याच्या सल्ल्यांत जेवणानंतरची, चहासोबतची, टेन्शनमधली सिगरेट सगळीकडे असते, पण व्यायामानंतरची सिगरेट कुठेच नसते. ज्याने ओढली आहे त्याला माहितीय, पळून आल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, घाम सुकत असताना, अंगात जो हलकेपणा येतो त्यावर ती सिगरेट जबरदस्त बसते. आणि नेमक्या त्याच वेळी नाडी आधीच वाढलेली असते, निकोटीन ती अजून वाढवतं, रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे हृदयाला विश्रांती हवी असताना आपण त्याच्यावर अजून ओझं टाकत असतो.

तिची जागा रिकामी ठेवून चालत नाही. व्यायाम संपल्यापासून पुढची वीस मिनिटं आधीच भरून ठेवा, मिनिटा-मिनिटाने. माझं असं होतं: थांबल्यावर लगेच पाणी, मग पाच मिनिटं चालत श्वास खाली आणणं, मग स्ट्रेचिंग घराच्या आत (आधी मी ते बाहेर कट्ट्यावर करायचो आणि तिथेच पेटायची), लगेच दात घासणं, अंघोळ, नवीन पॅच. दात घासणं साधं वाटेल पण तोंड स्वच्छ झालं की धुराची इच्छा निम्मी होते, निदान माझी व्हायची.

व्यायामाला जातानाची एक असते, गाडीतून उतरून आत जाईपर्यंतची. त्यासाठी गाडी दुसरीकडे लावा, दुसऱ्या दाराने जा, वेळ पंधरा मिनिटं बदला. तिसरी असते ती ग्रुपची, खेळ संपल्यावर सगळे उभे राहून गप्पा मारतात ती. ग्रुप सोडू नका, पण पहिले तीन आठवडे खेळ संपला की निघा, आणि एकाला आधीच सांगून ठेवा की मी सोडलीय, मला ऑफर करू नको आणि मी मागितली तरी देऊ नको.

दुसरा ते चौथा आठवडा

इथे चिडचिड उतरायला लागते आणि नवीन तक्रारी येतात. खोकला वाढतो, कफ पडतो, आणि लोक घाबरतात की सोडल्यावर उलट बिघडलं. श्वासनलिकेतले बारीक केस, जे धुराने सुस्त झाले होते, ते पुन्हा हलायला लागतात आणि साचलेलं बाहेर ढकलतात. पाणी प्या, वॉर्मअप लांबवा, सुरुवातीची दहा मिनिटं फक्त चाला. कफात रक्त दिसलं, ताप आला, किंवा खोकला महिन्याच्या वर गेला तर तपासून घ्या. आणि व्यायाम करताना छातीत दुखणं, हात किंवा जबड्याकडे कळ जाणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर त्याला सिगरेट सोडल्याचा त्रास समजून घरी बसू नका, लगेच दवाखाना.

बद्धकोष्ठता होते, तोंडात छाले येतात काहींना. दोन्ही काही आठवड्यांत जातात.

व्यायाम आता हळूहळू जुन्या मापावर आणा, दुसऱ्या आठवड्यात पाऊण, तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण. नवीन चालू केलेल्यांनी दहा-दहा मिनिटांचे तुकडे जोडत आठवड्याला १५० मिनिटांकडे जायचं, जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती आधीची मापं पुन्हा घ्या. माझी सकाळची नाडी ७६ वरून ६८ वर आली होती, अंतराची वेळ मात्र जवळपास तीच होती, आणि नाडीचा तो आकडा बघून मी पुढचे दोन आठवडे काढले.

वजन

वजन वाढतं, बहुतेकांचं वाढतं. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. काहींचं वाढत नाही, काहींचं दहाच्या वर जातं. निकोटीन भूक मारत होतं आणि शरीराचा बसल्या जागचा खर्च थोडा वाढवत होतं, दोन्ही एकदम थांबलं, वर तोंडाला चव आली. या तीन महिन्यांत कडक डाएट करू नका, भूक आणि तलफ एकमेकांत इतकी मिसळतात की उपाशी माणसाला कळतच नाही आपल्याला नेमकं काय हवंय. वेळेवर पोटभर जेवा, प्रत्येक जेवणात प्रोटीन असू द्या, आणि आठवड्यातले दोन दिवस वजनं किंवा शरीराच्या वजनाचे व्यायाम ठेवा. वाढलेले चार किलो सहा महिन्यांनी कमी करता येतात आणि त्यांचा धोका सिगरेटच्या जवळपासही जात नाही.

एखादी ओढली गेली तर

पॅच काढून टाकू नका, औषध थांबवू नका, आणि उरलेलं पाकीट त्याच मिनिटाला फेका. मग लिहा, कुठे, कोणासोबत, किती वाजता. आणि दुसऱ्या दिवशीचा व्यायाम ठरलेल्या वेळी ठरलेला तेवढाच करा. शिक्षा म्हणून दुप्पट पळायचं नाही, कारण मग व्यायाम हा सिगरेटचा दंड होतो आणि दंड भरला की पुन्हा ओढायला माणूस मोकळा होतो, ज्या हिशोबात मी सहा वर्षं अडकलो होतो तोच हा.

"फक्त रविवारी एक" किंवा "दिवसाला एकच" हा करार मात्र करू नका. दिवसाला एक सिगरेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जास्तीचा धोका वीस ओढणाऱ्याच्या विसावा भाग नसतो, तो जवळजवळ निम्मा असतो.

दुसरा आणि तिसरा महिना

आता दम सुधारल्याचं स्पष्ट जाणवतं आणि जोर वाढवावासा वाटतो, वाढवा, पण एका वेळी एकच गोष्ट, अंतर किंवा वेग. पॅचचा डोस खाली आणायचा आठवडा आणि व्यायाम वाढवायचा आठवडा एकच येऊ देऊ नका. २१ वरून १४ वर आलात की ते आठ-दहा दिवस व्यायाम आहे तसाच ठेवा.

आणि दुखापतीची तयारी आधीच करून ठेवा. नवव्या आठवड्यात माझा घोटा मुरगळला, डॉक्टरांनी तीन आठवडे पळणं बंद सांगितलं, आणि दुसऱ्याच सकाळी इतकी तलफ आली जितकी पहिल्या आठवड्यात आली नव्हती, कारण सकाळचा तो पाऊण तास पुन्हा रिकामा झाला होता. तेव्हा मी पळायच्या वेळीच उठून, पळायचेच कपडे घालून, खुर्चीवर बसून हातांची वजनं मारली, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम केले, मग तेच, पाणी, दात, अंघोळ, पॅच. तुमचं पाय बंद झाले तर काय आणि खांदा बंद झाला तर काय, हे दोन्ही आजच कागदावर लिहा आणि बुटांच्या कपाटाला आतून चिकटवून ठेवा.